टेपला तापमानाचं करेक्शन लावलं की फरक वाढतोय. चिन्ह अधिक की उणे?

नवखा_मोजणीदार

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्व्हे प्रोजेक्टमध्ये पाच बाजूंचा बंद ट्रॅव्हर्स केला, म्हणजे बाजू आणि कोन मोजत फिरून सुरुवातीच्याच खुंटीवर परत आलो. अंतरं स्टील टेपने घेतली आणि नंतर पडताळा म्हणून सगळ्यात लांब बाजू, कख, टोटल स्टेशनने (प्रकाशकिरणाने अंतर मोजणारं यंत्र) मोजली. तिथे घोडं अडलंय.

टेप ३० मीटरची. पातं १३ मिमी रुंद, पाव मिमी जाड. त्यावर छापलंय: २० अंश सेल्सिअस, ५० न्यूटन, पूर्ण आधारावर. जमिनीवर झुडपं आणि खड्डे होते, म्हणून टेप हवेत आडवी धरली आणि दोन्ही टोकांना ओळंबे सोडले. टेप लेव्हलमध्ये आहे का ते हँड लेव्हलने बघत होतो. सात पूर्ण टेप आणि शेवटचा तुकडा २८.४६०, म्हणजे एकूण २३८.४६० मीटर. जाताना आणि येताना मोजलं तर फरक जेमतेम ४ मिमी. पात्याला बांधलेला थर्मामीटर ४१ अंश दाखवत होता. स्प्रिंग बॅलन्स (ताण मोजणारा काटा) त्या दिवशी उपलब्ध नव्हता, पण टेप ओढणारा मुलगा शेवटपर्यंत एकच होता.

टोटल स्टेशन सांगतंय २३८.३७१. म्हणजे टेप ८९ मिमीने जास्त.

तापमानाचं करेक्शन काढलं: ०.००००११६ × २१ × २३८.४६ = ०.०५८ मीटर. पुस्तकाप्रमाणे तापमान जास्त असेल तर अधिक. तसं केलं की २३८.५१८ येतं आणि फरक ८९ वरून १४७ मिमी होतो! उणे केलं तर २३८.४०२, फरक फक्त ३१ मिमी. ग्रुपमधले सगळे म्हणतायत की उणेच असणार, आकडे समोर दिसतायत. शिवाय ट्रॅव्हर्स १ : ८००० ने बंद झालाय (एकूण लांबीच्या आठ हजारात एक भाग एवढाच फरक शेवटी उरला), म्हणजे टेपकाम खराब झालंय असंही म्हणता येत नाही.

नक्की चिन्ह कुठलं? आणि अधिक बरोबर असेल तर उत्तर का बिघडतंय?

कोन_आणि_अंतर

टेपवर बोलण्याआधी दुसरी बाजू तपासून घ्या. २३८.३७१ हे आडवं अंतर आहे की तिरपं? स्क्रीनवर दोन्ही दिसतात आणि घाईत चुकीचं उतरवलं जातं. प्रिझमचा (समोरच्या टोकाला किरण परतवणारी काच) स्थिरांक, म्हणजे प्रत्येक अंतरात धरायचा ठरलेला आकडा, कुठला भरला होता? कितीतरी प्रिझमना उणे ३० मिमी लागतो. तुमच्या उणेवाल्या उत्तरातही ३१ मिमीच उरतायत, त्यामुळे कुणालाही मोह होईल की ३० प्रिझमचे, १ मिमी किरकोळ, झालं काम.

स्थिरांकाची शंका मैदानातच फेडता येते. क आणि ख यांच्या मध्ये, त्याच रेषेत म ही खुंटी ठोका. कम, मख आणि पूर्ण कख अशी तिन्ही अंतरं घ्या. दोन तुकड्यांच्या बेरजेत स्थिरांकाची चूक दोनदा येते, पूर्ण अंतरात एकदाच. बेरीज आणि पूर्ण अंतर यांतला फरक म्हणजेच ती चूक.

हवेचं तापमान आणि दाब भरला होता का तेही सांगा. तापमानात एका अंशाची चूक झाली तर साधारण दशलक्षात एक भाग अंतर बदलतं. तुमच्या लांबीला २५ अंशांची चूक असली तरी ६ मिमीच होतील, ८९ नाही.

नवखा_मोजणीदार

अंतर आडवंच उतरवलंय. तापमान आणि दाब भरला होता. तीन खुंट्यांची परीक्षा आज केली. बेरीज आणि पूर्ण अंतर यांत १ मिमी फरक आला. म्हणजे टोटल स्टेशनवर संशय घ्यायला जागा नाही ना?

ओळंबा

नाही. टोटल स्टेशन बरोबर आहे आणि तुमचं अधिक चिन्हही बरोबर आहे. उत्तर कितीही जवळ येत असलं तरी ते चिन्ह बदलू नका. चुकीचं चिन्ह लावून आकडा जवळ आणला की जी चूक खरोखर शोधायची आहे ती कायमची झाकली जाते. तुम्ही तसं न करता विचारायला आलात, याचा मला मनापासून आनंद झाला.

नव्या मुलांना मी मैदानात एकच सांगत आलोय. सूत्रातलं चिन्ह पाठ करू नका, टेपकडे बघा. ४१ अंशाला तुमची टेप लांबलेली आहे. शून्याच्या खुणेपासून तीसच्या खुणेपर्यंत आता ३०.००७३ मीटर आहेत. तुम्ही एक टेप टाकली आणि वहीत ३० लिहिलं, पण जमीन ३० पेक्षा सात मिलीमीटर जास्त झाकली गेली. टेप लांब, म्हणून वाचन कमी, म्हणून मिळवायचं. टेप आखडली असेल तर उलट: तेवढ्याच जमिनीत ती जास्त वेळा मावते, वाचन फुगतं, म्हणून वजा करायचं. ताण, टेपची मूळ लांबी, झोळ, कुठलंही करेक्शन घ्या, प्रश्न हाच विचारायचा: वहीत लिहिलंय त्यापेक्षा जमीन जास्त झाकली गेली की कमी?

आता हाच प्रश्न झोळाला लावा. तुमच्या टेपवर पूर्ण आधारावर असं स्वच्छ छापलंय. म्हणजे ती ३० मीटर भरते ती सपाट जमिनीवर पसरलेली असताना. तुम्ही ती हवेत धरलीत. पातं मध्ये खाली आलं. पात्याची लांबी तीसच, पण दोन ओळंब्यांमधलं सरळ अंतर तीसपेक्षा कमी. जमीन कमी झाकली गेली, वाचन जास्त. सपाट आधारावर प्रमाणित केलेल्या टेपला झोळाचं करेक्शन नेहमी उणेच असतं. तुमच्या हिशेबात ते कुठेच नाही.

किती असेल ते बघू. पात्याचं छेदक्षेत्र १३ × ०.२५ = ३.२५ चौरस मिमी. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली तर मीटरला २५.५ ग्रॅम, म्हणजे पाव न्यूटन. तीस मीटरचं वजन ७.५ न्यूटन. करेक्शन म्हणजे टप्प्याच्या (एका वेळी हवेत धरलेल्या टेपच्या) वजनाचा वर्ग गुणिले टप्प्याची लांबी, भागिले ताणाच्या वर्गाची २४ पट. ताण ५० न्यूटन असेल तर टप्प्यामागे २८ मिमी. ६० न्यूटनला १९.५. ७० ला १४.३. १०० ला ७.

हे आकडे नीट बघा. तापमानाने तुम्हाला टप्प्यामागे ७ मिमी दिले आणि झोळाने त्याच्या दुप्पट-तिप्पट काढून घेतले. उत्तर म्हणूनच जास्त बाजूला राहिलं. तापमानाचं करेक्शन लावल्यावर फरक वाढला, कारण दोन चुका एकमेकींना थोडंफार खात होत्या आणि तुम्ही त्यांतली एकच दुरुस्त केलीत.

अडचण ताणाची आहे. तो सूत्रात वर्गाने येतो आणि तुमच्याकडे त्याचा आकडा नाही. दोन वाटा आहेत. एक, स्प्रिंग बॅलन्स मिळवा, त्याच मुलाला तशीच टेप धरायला लावा आणि काट्याकडे न बघता त्याच्या नेहमीच्या जोराने ओढू द्या. काटा तुम्ही वाचा. दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिला काटा लागत नाही. टेप तशीच ताणून धरा, दोन्ही टोकांच्या पातळीवरून नजर टाका आणि मधोमध पातं किती खाली आलंय ते स्टाफ (उंची मोजायची पट्टी) उभा करून मोजा. त्या खोलीचा वर्ग करा, आठने गुणा, टप्प्याच्या तिप्पट लांबीने भागा. थेट करेक्शन मिळेल, ताण किती होता हे कळायचीसुद्धा गरज नाही.

करून बघा आणि आकडे इथे टाका.

नवखा_मोजणीदार

सर, दोन्ही करून पाहिलं. स्प्रिंग बॅलन्स सहा किलोच्या आसपास राहतो, म्हणजे ढोबळ ६० न्यूटन. मधला झोळ ४५ ते ४९ सेंमी. ४७ धरला तर तुमच्या रीतीने १९.६ मिमी येतात, सूत्राने १९.५. दोन्ही इतके जुळतील असं वाटलं नव्हतं. अर्धा मीटर पोट आलेली टेप बघून तर वाटतं की चूक फुटाफुटाने असेल, आणि ती निघते दोन सेंटीमीटर.

हिशेब असा झाला. झोळ: सात टप्पे × १९.५३ = १३६.७ मिमी. शेवटचा तुकडा २८.४६ मीटरचा, त्याचे १६.७. एकूण उणे १५३.४. तापमान अधिक ५८.१. ताणासाठी पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरला: १० × २३८.४६ भागिले (३.२५ × २,००,०००) = अधिक ३.७ मिमी. बेरीज उणे ९१.६.

२३८.४६० − ०.०९२ = २३८.३६८. टोटल स्टेशन २३८.३७१. फक्त ३ मिमी फरक!

ग्रुपमधल्या सगळ्यांना दाखवलं. हेच रिपोर्टमध्ये लिहू ना?

ओळंबा

हिशेब चोख आहे. शेवटच्या तुकड्याला तीसचं करेक्शन प्रमाणात न कापता वेगळं काढलंत, हे विशेष चांगलं. झोळ टप्प्याच्या लांबीच्या घनाने बदलतो, तिथे त्रैराशिक चालत नाही.

पण ३ मिमीचा फरक हा तुमच्या मोजणीचा दर्जा आहे असं रिपोर्टमध्ये लिहू नका. कारण सांगतो. ६० न्यूटनच्या जागी त्या दिवशी ७० लागले असते तर झोळाचं एकूण करेक्शन १५३ ऐवजी ११३ मिमी झालं असतं. ५० लागले असते तर २२१. एक किलो इकडे किंवा तिकडे, आणि उत्तर ४ ते ७ सेंटीमीटर सरकतं. मुलगा तोच असला तरी आजचा त्याचा हात आणि त्या दिवशी उन्हात आठव्या टप्प्याला दमलेला हात सारखे नसतात. त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे, फरकाचं कारण सापडलं आहे, आकडा मात्र अंदाजाच्या ताणावर उभा आहे. असंच स्पष्ट लिहा. परीक्षकाने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

जाता-येता ४ मिमीचा फरक आला याने तुमची समजूत पटली होती, तेही बघून ठेवा. जाताना जेवढा झोळ, येतानाही तेवढाच. तीच टेप, तेच ऊन, तोच मुलगा. अशी चूक दोन्ही फेऱ्यांत एकाच बाजूला पडते आणि फरकात दिसतच नाही. ट्रॅव्हर्सचंही तसंच आहे. पाचही बाजू एकाच प्रमाणात लांब मोजल्या गेल्या तर आकृती मोठी होते, तिचा आकार बदलत नाही, आणि ती तितकीच छान बंद होते. तुमचं ९२ मिमी म्हणजे २६०० मध्ये एक. क्लोजिंग १ : ८००० दाखवतंय आणि अंतरं १ : २६०० ने चुकलेली आहेत, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. क्षेत्रफळात तर ही चूक दुप्पट होते, १३०० मध्ये एक. बाकीच्या चार बाजूंनाही करेक्शन लावल्याशिवाय क्षेत्रफळ काढू नका.

वेळ असेल तर कख पुन्हा मोजा, पण वेगळ्या रीतीने. प्रत्येक टप्प्याच्या मधोमध एक खुंटी ठोका, तिच्यावर गुळगुळीत खिळा मारा आणि पातं त्यावर टेकवा. खिळा दोन्ही टोकांच्या पातळीत हवा, नाहीतर दोन तिरपे तुकडे होतील. मध्ये एकच आधार दिला की झोळाचं करेक्शन चौथ्या हिश्श्यावर येतं. दोन आधार समान अंतरावर दिले तर नवव्या हिश्श्यावर. आता ताण साडेनऊ किलो ठेवा. तुमच्या या टेपला मधल्या एका आधारासह तेवढ्या ताणावर पातं जितकं ताणलं जातं जवळजवळ तितकंच झोळाने कमी होतं. दोन्ही करेक्शनं एकमेकांना फेडतात. त्यातही दहा न्यूटनची गडबड झाली तर टप्प्यामागे मिलीमीटरभरसुद्धा फरक पडत नाही, जिथे नुसत्या हवेत साठ न्यूटनला पाच ते नऊ मिमीचा पडत होता. मधला आधार न देता हा तोल साधायचा तर १३४ न्यूटन लागतात, साडेतेरा किलोच्या वर. ओळंबा स्थिर ठेवून इतकी खेच धरून राहणं कठीण जातं.

मग उरलं फक्त तापमान. त्यासाठी थर्मामीटर पात्याला टेकवून बांधलात, फार चांगलं केलंत. बरेच जण हवेचं तापमान लिहितात आणि उन्हात पातं हवेपेक्षा खूप जास्त तापतं. दहा अंशांचा घोळ म्हणजे कखवर २८ मिमी. शक्य असेल तर ढगाळ वेळी किंवा सकाळी लवकर मोजा, तेव्हा हवा आणि पातं यांत अंतर कमी असतं.

यात नवीन काही नाही. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा (पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती रेषा) मोजली तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पन्हळींमध्ये ठेवून आधार दिला होता आणि थर्मामीटर वाचून हिशेब केला होता. आधार, ताण, तापमान. पुढे शार्ल एद्वार गिय्योम यांनी १८९६ मध्ये इन्व्हार शोधला, ३६ टक्के निकेलचं पोलाद. त्याचं प्रसरण साध्या पोलादाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि पायारेषांच्या कामात तापमानाची डोकेदुखी बरीचशी संपली. १९२० चं नोबेल त्यांना निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी मिळालं. पण झोळ इन्व्हारच्या टेपलाही पडतोच.

कोन_आणि_अंतर

ओळंबा सरांच्या यादीत एक भर. टेपचं शून्य कुठे आहे ते बघा. काही टेपांचं शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं पात्यावर आत. आठ टप्प्यांत ती चूक आठदा येते. आणि तुमची ३० मीटरची टेप खरंच ३० ची आहे का, हे प्रमाणित टेपशेजारी सपाट फरशीवर पसरून एकदा बघून घ्या. ३०.००५ निघाली तर कखवर ४० मिमी अधिक जातील आणि वरचा सगळा जुळून आलेला हिशेब पुन्हा उघडावा लागेल.

नवखा_मोजणीदार

शून्य पात्यावर आत आहे आणि आम्ही तिथूनच धरलं होतं. तुलना केलेली नाही. लॅबमध्ये प्रमाणित टेप आहे, उद्या मागतो. मधल्या खुंटीची रीत शनिवारी सगळा ग्रुप मिळून करणार आहोत. ओळंबा सर, कोन_आणि_अंतर, दोघांचे खूप आभार.

साइटवाली

याच धाग्यात विचारते. आम्ही मोजत नाही, आखतो. कॉलमच्या रेषा टाकताना टेप स्लॅबवर पसरलेली असते, म्हणजे झोळ नाही. स्प्रिंग बॅलन्स पाच किलोवर. टेपवर छापलेलं प्रमाण या धाग्यातल्यासारखंच. पातं ३८ अंशाला आणि रेषा २४ मीटरची. करेक्शन मिळवून २४.००५ वर खूण करायची का? माझा फोरमन म्हणतो २३.९९५.

ओळंबा

ताई, फोरमन बरोबर आहे. इथेही टेपकडे बघा. १८ अंशांनी ती २४ मीटरमध्ये ५ मिमी लांबली आहे. २४ च्या खुणेवर टाचणी मारलीत तर स्लॅबवर २४.००५ पडेल. तुम्हाला जमिनीवर २४ हवेत, म्हणून वाचन २३.९९५ धरायचं. मोजताना अंतर जमिनीवर आधीच ठरलेलं असतं आणि वाचन शोधायचं असतं. आखताना अंतर कागदावर ठरलेलं असतं आणि खूण शोधायची असते. म्हणून प्रत्येक करेक्शनचं चिन्ह उलटतं, झोळाचंसुद्धा. हवेत धरून आखायची वेळ आली तर वाचन वाढवावं लागेल.

आणि आखून झाल्यावर कर्ण मोजाल तेव्हा एक ध्यानात असू द्या. सगळ्या बाजूंना करेक्शन न लावता आखलं असेल, तरी त्याच तापलेल्या टेपने मोजलेले दोन्ही कर्ण एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळतील. कर्ण काटकोन तपासतात, लांबी नाही. लांबीसाठी एक तरी बाजू टोटल स्टेशनने घ्या, किंवा सकाळी पातं वीस अंशांच्या जवळ असताना त्याच टेपने पुन्हा मोजा.